आमच्या अंगणवाडीच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. तुमचं काम आमच्या गावाबाहेरही कळायला हवं.

आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचं थिनिंग, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायचं काम, सुरू झालं की सकाळी बागेत गेलेल्या बायका दिवेलागणीलाच घरी येतात. मग मुलांना घेऊन बसायचं कधी? आणि जिला स्वतःलाच वाचता येत नाही तिने काय करायचं? याचं उत्तर तुम्ही माता गटाच्या पहिल्याच बैठकीत दिलंत. चित्रांचं पुस्तक माझ्या सासूबाईंच्या हातात ठेवलंत. त्या कधी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पुस्तक परत करायला लागल्या. तुम्ही म्हणालात, "आजी, अक्षरं राहू द्या. चित्रात काय चाललंय ते नातीला सांगा." मग काय, चित्रातल्या शेळीला नाव मिळालं, तिला करडू झालं, ते हरवलं आणि सापडलंसुद्धा. लेक मध्येच पान उलटून विचारायची, "आणि मग?"

तेव्हापासून घरातला अभ्यास सासूबाईंकडे आहे. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" अशी कोडी रोज रात्री होतात. भाकरी थापताना 'भा-क-री' म्हणत लेक तीन टाळ्या वाजवते. शब्दातले आवाज सुटे ऐकू यायला लागले की पुढे आवाज आणि अक्षर यांची सांगड घालणं सोपं जातं, हे तुम्ही समजावलंत म्हणून आम्हाला कळलं.

लिहिण्याचंही तसंच. मी किराण्याची यादी करत होते, तर लेकीनेही कागदावर आडव्या रेघा ओढल्या. तुम्ही सांगितलं होतं, "गिरगटलं म्हणू नका, काय लिहिलंस ते विचारा." विचारलं, तर बोट फिरवत तिने वाचून दाखवलं, "गूळ, शेंगदाणे, बाबांना चप्पल." तो कागद मी तारीख घालून ठेवलाय. हल्ली तिच्या रेघांमध्ये तिच्या नावातला 'म' दिसायला लागलाय, कधी उलटा, कधी सुलटा. चार वर्षांच्या मुलीकडून पाटीवर बाराखडी घोटून घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र शांतपणे सांगत राहिलात, की आधी बोटांना पीठ मळू दे, मटार सोलू दे. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही तिसरीपर्यंत मुलांना समजून वाचता यावं असं म्हटलंय, आणि समजण्याची सुरुवात घरातल्या गप्पांतूनच होते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, आणि मुलं येत नाहीत म्हटल्यावर ती त्यांच्या अंगणात नेली, हे तुमच्याकडूनच ऐकलं. तुम्हीही तेच करताय, आमच्या ओट्यांवर येऊन.

आणि हे सगळं वजनं-उंची, पोषण आहार, सर्वेक्षण, मोबाईलवरच्या नोंदी सांभाळून. एवढ्या कामाला मानधन म्हणतात, पगार म्हणत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमचे उपकार शब्दांत मावणार नाहीत, पण एक भार हलका करता येईल. घरोघरी फिरणाऱ्या पुस्तकांची नोंदवही यापुढे आम्ही चौघीजणी ठेवू. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, फाटलेलं कोण चिकटवणार, सगळं आमच्याकडे. सोमवारी वही घ्यायला येते.

तुमची,
माता गटातली एक आई