एक बैठक गाण्याचीही

संपादक महोदय,

२००२च्या दंगलीत आमच्या वडोदऱ्यात उस्ताद फैयाझ खाँसाहेबांच्या कबरीचीही नासधूस झाली. १९५० साली गेलेल्या गवयाचा कुणाशी काय तंटा? माझ्या साथीला येणारे तबलजी त्यानंतर कित्येक महिने दांडिया बाजारात माझ्या घरी फिरकले नाहीत. आले, तेव्हा बोलायचं काय, दोघांनाही सुचेना. चहा गार झाला. मग त्यांनी हातोडीनं गट्टे ठोकून तबला सुरात लावला आणि मी जयजयवंती राग धरला. (बेसूरच लागला.)

शांतता समितीच्या बैठकांत भाषणंच फार. वर्षातून एक बैठक कबरीपाशी, गाण्याची ठेवा. तिथे ‘प्रेमपिया’ नावानं बांधलेल्या खाँसाहेबांच्याच बंदिशी दोन्हीकडच्या पोरांनी गाव्यात. तंबोरे मी आणते.

— एक निवृत्त संगीतशिक्षिका, वडोदरा