सूचना : विडी घरकुल वसाहतीतील मुलांसाठी बूट, चेंडू व प्रायोजक

सर्व सभासदांनी वापरलेले फुटबॉल बूट रविवारच्या सरावाला आणावेत. तळ सुटलेले नकोत. माती काढून सावलीतच वाळवावेत. आपल्या सोलापूरच्या उन्हात चिकटवलेला तळ उखडतो. नाड्यांनी जोडी बांधून वर बुटाचा नंबर (साइज) लिहावा. चेंडू 8 ते 12 वयाला चार नंबरचा, त्याहून लहानांना तीनचा. पाच नंबर त्यांना जड जातो, कृपया देऊ नये.

प्रायोजकांशी बोलताना सांभाळा : जर्सीवर जाहिरात घेऊन दिलेली रक्कम कंपनीला सीएसआरमध्ये (कंपन्यांनी कायद्यानुसार करायचा सामाजिक खर्च) दाखवता येत नाही. सीएसआर निधी हवा असेल, तर संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आधी हवी. कागदपत्रांअभावी होकार मिळूनही पैसे अडकतात. टॉवेल कारखानदारांकडे मात्र रोख नको, टॉवेलच मागा.