मॅरेथॉनचे अंतर ग्रीसमध्ये ठरले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकातील ऑलिंपिकच्या गमतीजमतींचे पान मी आवर्जून वाचतो आणि नातवंडांनाही वाचून दाखवतो. जपानचे शिझो कानाकुरी १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या उन्हात शर्यत अर्धवट सोडून कोणालाही न सांगता मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये पुन्हा त्याच शहरात येऊन त्यांनी ती पूर्ण केली, ही हकिकत तर घरात सगळ्यांनाच आवडली. मात्र त्याच पानावर, मॅरेथॉन या रणांगणापासून अथेन्सपर्यंतचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असून विजयाची वार्ता घेऊन ग्रीक दूत फिडिपिडीस तेवढे धावल्यामुळे शर्यतही तेवढीच ठेवण्यात आली, असे जे छापून आले आहे, ते बरोबर नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. छापलेले वाक्य मुले जसेच्या तसे पाठ करतात, हे पुष्कळदा पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेल्या इतिहासात फिडिपिडीस धावतो तो अथेन्सहून स्पार्टाकडे, मदत मागण्यासाठी. रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन धावत आलेला आणि ती सांगताच प्राण सोडणारा दूत त्यात कुठेही नाही. ती कथा काही शतकांनंतरच्या लेखनात येते. तिच्यावरून शर्यत भरवावी ही कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताची. विजेत्यासाठी चांदीचा चषकही त्यांनीच देऊ केला. १८९६ मध्ये अथेन्सला स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक धावपटू ही शर्यत २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकला, तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होते.

४२.१९५ हा आकडा आला लंडनहून. १९०८ च्या शर्यतीचा प्रारंभ विंडसरच्या राजवाड्याच्या आवारातून झाला. तेथून स्टेडियमपर्यंत २६ मैल आणि आत शिरल्यावर राजघराण्याच्या आसनांसमोरच्या रेषेपर्यंत ३८५ यार्ड. या शेवटच्या ३८५ यार्डांनी, म्हणजे जेमतेम ३५२ मीटरांनी, इटलीच्या दोरांदो पिएत्रीचे सुवर्णपदक हिरावून घेतले. तो सर्वांच्या पुढे स्टेडियमात आला खरा, पण भान हरपल्यामुळे उलट्या दिशेला वळला, वरचेवर कोसळू लागला, आणि एवढेसे अंतर कापायला त्याला दहाएक मिनिटे लागली. अखेर पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले आणि नेमक्या त्याच मदतीमुळे तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा यांनी पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला. मी धावपटू मुलांना ही गोष्ट नेहमी सांगत असे, कारण थकलेल्या पायांना शेवटची एक फेरी किती लांब वाटते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून लगेच पटे.

लंडननंतरही हे अंतर लगेच कायम झाले नाही. स्टॉकहोमला ते ४०.२ किलोमीटर होते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने १९२१ मध्ये ४२.१९५ हे प्रमाण ठरवले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून तेच चालत आले आहे. स्टॉकहोम आणि पॅरिस यांच्या मधल्या १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकविषयी आपल्या पानावर काहीच नव्हते, याचे मला खरोखर वाईट वाटले. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या आजवरच्या इतिहासातली सर्वांत लांब, आणि तीत बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले होते.

चौगुले तेथे पोहोचले, त्याची सुरुवात पुण्यात झाली. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी धावताना पाहिले. शास्त्रशुद्ध सराव नसतानाही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जात आहेत, हे त्यांच्या लक्षात आले आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा खटाटोप त्यांनी अंगावर घेतला. एप्रिल १९२० मध्ये पुण्यातच निवड चाचणी झाली. चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि पूर्मा बॅनर्जी हे धावपटू व कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल, असे सहा जण अँटवर्पला गेले. शिंदे यांनी कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत मजल मारली. दातार यांना मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून मुले पुढे सरकतात, म्हणून मी त्यांना मैदानावरच हिशेब करायला लावत असे. आमच्या मैदानावर फक्कीने आखलेली फेरी २०० मीटरची होती. आजच्या मॅरेथॉनपेक्षा अँटवर्पची शर्यत ५५५ मीटर जास्त, म्हणजे सगळे अंतर संपल्यावर आणखी पावणेतीन फेऱ्या. चौगुले यांचा सरासरी वेग पाहिला, तर दर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे पडतात. एकदा वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाला मी सांगितले, ‘पाच फेऱ्या चार मिनिटांत मार, मग बोलू.’ त्याने त्या मारल्या, गुडघ्यांवर हात टेकून तो उभा राहिला आणि धापा टाकत विचारले, ‘सर, असे किती वेळा?’ मी म्हटले, ‘आणखी एकेचाळीस वेळा, तरी ते संपत नाही.’ त्यानंतर चौगुले यांचे नाव त्या वर्गाला पुन्हा सांगावे लागले नाही.

अंतराबाबतची दुरुस्ती आपण पुढच्या अंकात छापावी, अशी विनंती आहे. त्याच जागी चौगुले यांच्यासाठी चार ओळी देता आल्या, तर त्यांच्या वेळेशेजारी ४२.७५ किलोमीटर हे अंतरही अवश्य द्यावे. नुसती वेळ दिली, तर वाचक ती आजच्या अंतराच्या वेळांशी ताडून पाहतील आणि त्या ५५५ मीटरांचे श्रेय चौगुले यांना मिळणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली