पेज पुरे झाली, आई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले तर बाबा 'बघू' म्हणतील आणि तू विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे. रविवारी सकाळी वेंगुर्ल्याला गाडी येईल. शिमग्यापर्यंत तुम्ही दोघं माझ्याकडे पुण्याला राहायचंय. दादाशी बोलून झालंय. रागावू नका, आधी पुरतं वाचा.

पाडव्याला बाबांना ओवाळताना त्यांच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. मग झोपाळ्यावरून उठताना त्यांनी कडी धरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वजन केलं तर ५५ किलो. जूनमध्ये न्यूमोनिया व्हायच्या आधी ६२ होतं. वॉर्डात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिले दोन प्रश्न विचारते: आपोआप वजन उतरलंय का, आणि भूक मंदावून जेवण कमी झालंय का? तुम्हाला मात्र पाच महिने एवढंच विचारत राहिले, 'जेवलात ना?' तुम्ही 'हो' म्हणालात की फोन ठेवला. आहारतज्ज्ञ म्हणवून घेते आणि माझ्याच बाबांना विचारलं नाही, हे मला फार लागलंय.

सहा महिन्यांत पाच टक्के वजन आपोआप उतरलं तरी आम्ही सावध होतो. दहाच्या पुढे गेलं की गंभीर कुपोषण धरतात. बाबांचं अकरा टक्के गेलंय. थुंकी, साखर, थायरॉइड, किडनी, सगळं तपासून झालं, दुसरं काही निघालं नाही. आजारपणात स्नायू झडले आणि ते भरून यावेत इतकं नंतर पोटात गेलंच नाही. 'वय झालं' म्हणू नका. अप्पांच्या वेळी आपण सगळ्यांनी तेच म्हटलं होतं.

आई, तुझं चुकलं असं मनातही आणू नकोस. घरी सोडताना 'हलका आहार द्या' एवढंच सांगितलं गेलं आणि तू ते जिवापाड पाळलंस. पेज, वरणाचं पाणी, मऊ भात. मी हिशेब मांडला, दिवसाला तीसेक ग्रॅम प्रथिनं होतात. या वयात आजारातून उठताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे बाबांना निदान ६६. किडनी चांगली आहे म्हणून हा आकडा सांगते आहे, तसं नसतं तर सांगितला नसता.

बाबा, तुम्ही म्हणाल पुरावा दाखव. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांवर रुग्ण घेतले, बहुतेक तुमच्याच वयाचे, सगळे कुपोषणाचा धोका असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचं रुग्णालयातलं जेवण. दुसऱ्याला आहारतज्ज्ञाने माणसागणिक उष्मांक आणि प्रथिनं ठरवून दिली, आणि ती पोटात जातायत का ते पाहिलं. महिन्याभरात पहिल्या गटात शंभरातले दहा दगावले, दुसऱ्यात सात. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक फक्त ताटाचा. ते रुग्णालयात होते, तुम्ही घरी आहात, हे मला कळतं. पण आकडा ठरवायचा, वजन करत राहायचं आणि ताट बदलायचं, ही रीत तुम्हालाही लागू पडते. नुसतं खाऊनही भागत नाही, स्नायूंना काम हवं. म्हणून फिजिओथेरपीवाल्या ताई आठवड्यातून तीनदा येतील. हे फोनवरून होत नाही गं आई, खरंच होत नाही. मी करून पाहिलंय.

राहण्याची काळजी नको. खालची खोली तुमची, खाट बुटकी घेतली आहे, संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांड्या बसवल्या. बाबांचा पेपर साडेसहाला दारात येतो. चहा तुझ्याच हातचा, मी स्वयंपाकघरात लुडबुडणार नाही. उकडे तांदूळ तेवढे घेऊन ये. बांगडे गणेश पेठेतून आणीन. आपल्या बंदरासारखे नसतील, पण खाऊन बघा.

आठवतं, चौथीत मला टायफॉइड झाला होता? आजीने पेजेवर ठेवलं होतं. तू रात्री चुलीपाशी बसून मऊ भातात अंडं कालवलंस आणि माझ्या तोंडावर पदर धरून भरवलंस, वास जाऊ नये म्हणून. मला ती आई हवी आहे.

तोवर रविवारपर्यंत ऐका. पेजेत मूगडाळ घालायची आणि वरून तूप. सकाळी दोन अंडी, रात्री झोपताना दूध. मासे बंद केलेत ते उद्यापासून सुरू. एकादशी यंदा नाही बाबा, देव समजून घेईल. दुधीचा रस बंद, कोणीही पाठवला असला तरी. दुधी कडू निघाला तर जिवावर बेततं. डब्यातली प्रथिनांची पावडर कोणी सुचवली तर घेऊ नका, गरज लागली तर मी बघेन. आणि आई, तुझ्या तळपायांना मुंग्या येतात ते माझ्यापासून लपवू नकोस. मधुमेहाची तुझी ती मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. तुझंही रक्त तपासायचंय. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

माडांना पाणी द्यायला भाऊंना सांगितलंय. मांजरीचंही तेच बघतील. पालखीच्या आधी मी स्वतः घरी पोचवेन, शब्द देते.

बाबा, अंगठी काढून ठेवू नका. दोऱ्यासकट घालून या.

तुमची,
बेबी