काका, तुमची वजरी आमच्याकडेच आहे

प्रिय काका,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढचा महिनाभर तुम्ही आमच्या फाटकासमोरून मान फिरवून जाल. शिवाय राखेच्या बुधवारी दरवर्षी मत्तयच्या शुभवर्तमानातला तोच उतारा वाचतात: दानधर्म करताना कर्णा वाजवू नका, तुमचा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. गेल्या वर्षी, २०२५ च्या ५ मार्चला, तो उतारा ऐकताना मला भर चर्चमध्ये हसू फुटलं होतं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं. त्यांना काय सांगणार? आमच्या बाबांचा उजवा हात काहीच करत नव्हता. जे काही करायचं ते सगळं डाव्यालाच करावं लागत होतं, मग त्याला कळू न देऊन कसं चालेल?

मी त्या दिवशी सहा वर्षांनी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आले होते, तीही आईच्या बदली. बाबांना जानेवारीअखेर झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. त्यामुळे उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, शब्द सापडत नव्हते. तहान लागली की ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. पेल्याकडे बोट दाखवायचे आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघालं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सत्तर वर्षांचा माणूस. आयुष्यभर वाडीत आवाज चढवून बोललेला.

माणसं येत होती. त्यांची निंदा करत नाही, आणली ती सफरचंदं आम्ही खाल्लीच. पण सगळे बाबांच्या डोक्यावरून आईशी बोलायचे. ‘कसे आहेत हो आता?’ आणि जाताना बाबांचा हात हातात घेऊन, लहान पोराशी बोलावं तसं, ‘देव आहे हां, घाबरायचं नाही.’ बाबा डोळे मिटून घ्यायचे. ते दमले असतील असं आम्हाला वाटायचं. ते दमलेले नव्हते, चिडलेले होते.

मग तुम्ही आलात. उपवासकाळात (राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आधीपर्यंत) प्रत्येक घराने दुसऱ्या एका घराकडे लक्ष द्यायचं असं चर्चमधल्या आपल्या समूहात ठरलं, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, आणि तुमच्या हाताला आमचं घर लागलं. दारात उभे राहून तुम्ही काय म्हणालात ते आईला अजून पाठ आहे. ‘चिठ्ठीत तुमचं घर निघालंय. माझा इलाज नाही.’

पंधरा-सोळा वर्षांनी तुम्ही आमच्या ओट्यावर पाय ठेवत होतात. कारण वाडीत सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते. तुमच्या हिश्शाचं बावखल तुम्ही माती टाकून बुजवलंत आणि बाबांनी बोलणं टाकलं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्र एवढा जवळ असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. बाबांच्या मते बावखल बुजवणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत मीठ टाकणं. तुमच्या मते तिथे डासांशिवाय काही पिकत नव्हतं. (माझं मत बाबांच्या बाजूचं आहे. आभाराच्या पत्रातसुद्धा ते बदलणार नाही.)

तुम्ही बाबांना विचारलंत, ‘शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला येणार का?’ (येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं एकेक करून वाचायची, ती ही प्रार्थना.) बाबांनी मान हलवली. नाही. तुम्ही म्हणालात, ‘मला पण हौस नाही. साडेपाचला गाडी आणतो.’

तुमची ती जुनी ओम्नी. एसटीत ३२ वर्षं काढलेला माणूस ओम्नीसुद्धा एसटीसारखीच चालवतो, हे त्या शुक्रवारी मला कळलं. गतिरोधकाला शिव्या, वळणावर लांबलचक हॉर्न, आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवून दिलेली पहिली सूचना: ‘बोलता येत नाही ना? मग घंटी मार. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.’ बाबांनी तुमच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताच्या मुठीने दाराच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं. टण टण. तुम्ही गियर टाकलात. महिनाभरात पहिल्यांदाच बाबांनी एखाद्या माणसाला काहीतरी करायला सांगितलं होतं आणि त्याने ते लगेच केलं होतं.

घरी आल्यावर ती घंटी पलंगाच्या दांड्यावर सुरू झाली. एक ठोका: पुरे, नको, थांब. दोन: हो, दे, चल. थेरपिस्टबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, उत्तम आहे, ही पद्धत कोणी शिकवली? मी म्हटलं, राज्य परिवहन महामंडळाने.

चर्चमध्ये तुम्ही खुर्ची नेऊन लावायचात ती संत गोन्सालो गार्सियांच्या पुतळ्याखाली. मला वाटलं, काही भक्तिभाव असेल. आपल्या वसईचाच माणूस, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, त्याच्या पायाशी बाबांना बसवताहेत. तुम्ही म्हणालात, ‘इथला पंखा बरा चालतो.’

तिसऱ्या शुक्रवारी, २१ मार्चला, पाचवं स्थान वाचून झालं. कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस वाहतो. पुढच्या स्थानाला सगळे गुडघ्यावर आले, वाचणाऱ्याने ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो’ म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर बाबांच्या तोंडून उत्तर बाहेर पडलं. ‘कारण तू आपल्या पवित्र क्रुसाने...’ जड जिभेने, अर्ध्या सुरात, पण शब्द बरोबर. सहाव्या स्थानाला आलं, सातव्याला आलं. आईला मी हलवून सांगितलं, तिने आधीच ऐकलं होतं, तिचा पदर डोळ्यांना होता. बाहेर आल्यावर पाणी हवंय का विचारलं, तर पुन्हा काही नाही. मोकळी मूठ.

त्यात चमत्कार नाही, हे मंगळवारी थेरपिस्टबाईंनी समजावलं. अशा आजारात मनाने जुळवून बोलायचे शब्द हरवतात, पण लहानपणापासून घोटलेलं बरेचदा शाबूत राहतं. गाणी, आकडे, आठवड्याचे वार, प्रार्थना. त्या पायवाटेने हळूहळू बाकीच्या शब्दांकडे जाता येतं. रोज म्हणवून घ्या, म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात जपमाळ भक्ती म्हणून कमी आणि व्यायाम म्हणून जास्त झाली. फादरना हे सांगितलं तर ते म्हणाले, देवाला दोन्ही चालतं.

पण काका, तुम्ही ‘हौस नाही’ म्हणत गाडी आणली नसती तर ते शब्द बाबांच्या आत आहेत हे आम्हाला कळलं कधी असतं? आम्ही तर त्यांना त्रास नको म्हणून घरात शांतता ठेवत होतो. रेडिओसुद्धा बंद.

तुम्ही बाबांसाठी म्हणून वेगळं, मऊ असं काहीच केलं नाहीत. गाडीत तुम्ही नुसते कुरकुरायचात. गुडघे दुखतात, पेट्रोल महाग झालंय, कांदे सडके निघाले. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास असतो, तोही साठीच्या आतल्यांना, मग मला चहा द्यायला काय हरकत आहे, असं नियमावलीतलं कलम वाचून दाखवावं तसं आईला सांगायचात. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून पापलेट आणणाऱ्यांवर तुमचं एक व्याख्यान होतं, ते मी चार वेळा ऐकलं. (पापलेटाचा भाव बघता तो त्याग पैशांचा तरी नक्कीच आहे.) आणि शिव्या द्यायच्या तर कादोडीत, आपल्या वसईकडच्या बोलीत. त्या मला इथे लिहिता येणार नाहीत, काही सभ्यतेपायी आणि काही लिपीपायी.

मग एका शुक्रवारी तुम्ही बावखलाचा विषय काढलात. पंधरा वर्षं तुंबलेलं सगळं. डास, साप, भावकीतली वाटणी, पोराच्या लग्नाला मांडव घालायला जागा नव्हती. चर्चपासून घरापर्यंत एकटेच बोलत होतात. मागच्या सीटवर आई आणि मी श्वास रोखून. बाबांना उलट बोलता येत नाही याचा हा माणूस फायदा घेतोय, असं मला वाटलं आणि राग आला. खरंच आला, काका. आज सांगते.

पण पुढच्या शुक्रवारी साडेपाचला बाबा स्वतः तयार होऊन बसले होते. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावून, एक घर चुकवून. दोघांचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं आणि त्यांना त्यात यायचं होतं. ११ एप्रिलला तुम्ही तुमच्याच विहिरीला मे महिन्यात मचूळ पाणी येतं, बोअर मारावी लागणार, असं सांगत होतात, आणि बाबा बोलले.

‘पाणी,’ म्हणाले. मग बराच वेळ. मग, ‘कुठाय?’

तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मला वाटलं, चिडलात. तुम्ही स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होतात. तहान लागल्यावर जो शब्द दोन महिने आला नाही, तो तुमची जिरवायला आला.

पवित्र गुरुवारचं मात्र मला नीट लिहायचं आहे, कारण तेव्हा तिथे आपण तिघेच होतो. पाय धुण्याच्या विधीला प्रत्येक समूहातून एक, असे बारा जण बसणार होते, आणि फादरनी आपल्या समूहातून बाबांना बोलावलं होतं. विधी संध्याकाळी. तुम्ही तीन वाजता आलात, हातात प्लॅस्टिकची बादली, टाचा घासायची वजरी, नेलकटर आणि साबणाची अर्धी वडी. ‘फादर पाय धुणार म्हणून काय घाण पाय पुढे करायचे?’

बाबांनी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याच्या शिष्याने, पेत्रानेही आधी नाहीच म्हटलं होतं. उजवा पाय ओढता येत नव्हता, म्हणून तुम्ही उजव्यापासून सुरुवात केलीत. ओट्यावर खाली बसलात, पाय मांडीवर घेतलात, कोमट पाण्यात भिजवलात आणि टाचेच्या भेगा वजरीने घासायला लागलात. आम्ही दोन महिने त्या पायाला तेल लावत होतो, व्यायाम देत होतो, चादरीखाली नीट ठेवत होतो. त्याच्या टाचेकडे आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं. ‘दुखलं तर एक ठोक,’ तुम्ही म्हणालात. बाबांनी ठोकलं नाही. नखं कापलीत, करंगळीचं नख आत वाढलेलं होतं ते हळू काढलंत. पाणी दोनदा बदललं, ते मी जास्वंदीला टाकलं. मग बाबांनी आपणहून डावा पाय पुढे केला. शेवटी तुम्हाला उठता येईना, गुडघ्यांनी दगा दिला. मी एका हाताला धरलं, आणि दुसऱ्या बाजूने बाबांनी डावा हात पुढे केला. आधार म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता. तुम्ही तो धरलात.

संध्याकाळी फादरनी पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं, पुढच्याकडे सरकले. अर्ध्या मिनिटाचं काम. आई रडली, बाकावरच्या बायका रडल्या. मी नाही रडले. माझं तीन वाजता होऊन गेलं होतं.

त्याच दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस रेजिना चेली तुरुंगात गेले होते. पवित्र गुरुवारी कैद्यांचे पाय धुवायची त्यांची पद्धत, पण ८८ वर्षांचं शरीर आजारातून उठलेलं, यंदा मला ते जमणार नाही, असं त्यांनी कैद्यांना सांगितलं. तरी गेले, भेटून आले. चार दिवसांनी, ईस्टरच्या सोमवारी, ते वारले. ती बातमी तुम्हीच आणलीत. ‘गुडघे सगळ्यांचेच जातात,’ एवढंच म्हणालात आणि चहा न घेता निघालात.

ईस्टरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बाबा जागरणविधीला अर्ध्यात झोपले.

पाचव्या स्थानातल्या शिमोनाबद्दल मी नंतर मार्कच्या शुभवर्तमानात वाचलं. शेताकडून येत होता बिचारा, वाटेत शिपायांनी धरला आणि क्रूस खांद्यावर दिला. आपण होऊन पुढे आला, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच्या दोन मुलांची नावं दिलीत, पण तो काय बोलला ते नाही. मला आता खात्री आहे की तो गोलगोथापर्यंत कुरकुरत गेला असणार. आणि माझा असाही समज आहे की त्या कुरकुरीचं येशूला बरं वाटलं असेल. रस्ताभर सगळे एक तर शिव्या देत होते नाही तर रडत होते. हा एकटाच वजनाबद्दल बोलत होता.

आम्हाला तुमच्या मदतीचं ओझं झालं नाही, ते यामुळे. गोड बोलून केली असतीत तर बाबांनी पहिल्याच शुक्रवारी एक ठोका मारला असता.

आता बाबा काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. वाक्यं तीन-चार शब्दांची होतात, चिडले की पाच. उजव्या हाताने अजून पेला धरवत नाही, कदाचित धरवणारही नाही. मी दर शुक्रवारी अंधेरीहून लवकर निघते. मिस्साला दर रविवारी येते का, ते मात्र विचारू नका.

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला. समूहात परत चिठ्ठ्या काढणार आहेत, आणि तुम्हाला या वर्षी दुसरं घर लागू शकतं, हे आईने बाबांना सांगून बघितलं. बाबांनी पलंगाच्या दांड्यावर एकदा ठोकलं. तेव्हा चिठ्ठीचं काय करायचं ते तुम्ही बघा. शुक्रवारी साडेपाचला ते फाटकाशी बसलेले असतील. वजरी गाडीतच देते, फक्त ती आता बरीच झिजली आहे, आई रोज वापरते.

तुमची,
मागच्या सीटवरची