अपू चित्रत्रयीचा संच घ्यावा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) या, अपूच्या आयुष्यावरील तीन चित्रपटांचा क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये काढलेला ब्लू-रे संच विकत घ्यावा का, अशी विचारणा आमच्या चित्रपटप्रेमी मंडळींत वरचेवर होते. डॉलरमधली किंमत, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क असा हिशेब केला तर ही हौस स्वस्त नाही, म्हणून हा संच बाळगून असलेला वाचक या नात्याने चार शब्द लिहीत आहे.

संच म्हटला की आत चित्रपट किती, हे आपण आधी मोजतो. मीही मोजत असे. एका युरोपीय दिग्दर्शकाच्या पंधरा चित्रपटांचा जाडजूड खोका मी एकदा मोठ्या उत्साहाने घेतला. त्यातले चार पाहून झाले, उरलेल्या तबकड्या अजून जागच्या हललेल्या नाहीत. अपूच्या संचात चित्रपट तीनच आहेत, पण इथे आपण पैसे मोजतो ते प्रिंटसाठी.

राय यांच्या निधनानंतर वर्षभराने, जुलै १९९३ मध्ये, डागडुजीसाठी लंडनला पाठवलेल्या मूळ निगेटिव्ह तिथल्या फिल्म लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते अवशेष जपून ठेवले आणि सुमारे वीस वर्षांनी ते इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांकडे गेले. ठिसूळ झालेली फीत रसायनांनी पुन्हा लवचीक करणे, वितळलेल्या चिकटपट्ट्या आणि गोंद खरवडून काढणे, कडेची तुटलेली छिद्रे नव्याने सांधणे, हे काम हातानेच आणि जवळजवळ हजार तास चालले. त्यातून ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला. ‘अपूर संसार’च्या मूळ निगेटिव्हमधले काहीच वापरण्याजोगे उरले नव्हते, त्यामुळे तो अन्यत्र जपलेल्या दुय्यम प्रतींवरून सिद्ध केला आहे.

याचा डोळ्यांना फरक काय पडतो, ते ‘अपराजितो’तल्या बनारसच्या घराच्या चौकात कळते. हा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेला होता, आणि वरून झिरपणारा दिवसाचा उजेड साधण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतवला होता. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत त्या काळापासून मी राय पाहत आलो आहे. जुन्या प्रिंटमध्ये हा चौक मला सपाट, राखाडी दिसत असे. आता भिंतीचा पोपडा आणि अपूच्या आईच्या, सर्वजयेच्या गालावर हळूच पडणारी सावली वेगवेगळी ओळखू येते. एवढ्यासाठीही मी पैसे दिले असते. सोबत सौमित्र चटर्जी, शर्मिला टागोर आणि कॅमेरा सहायक सौमेंदू राय यांच्या मुलाखती आहेत, त्यांतले सौमित्रबाबू आणि सौमेंदूबाबू आता हयात नाहीत.

तक्रार आहे ती वेगळीच. ब्लू-रे तबकड्या सहसा आपापल्या विभागाच्या प्लेअरवरच चालतात; या जागतिक वाटणीत भारत ‘सी’ विभागात येतो आणि हा संच आहे ‘ए’ विभागाचा. “चालेल हो, काळजी करू नका,” असे दुकानदाराने सांगितलेल्या माझ्या प्लेअरमध्ये पहिली तबकडी घातली, तेव्हा पडद्यावर नकाराची दोन ओळींची सूचना तेवढी आली, आणि पुढे सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर घेईपर्यंत संच कपाटातच राहिला. पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून पूर्ण झालेला ‘पथेर पांचाली’ भारतीय यंत्रावर चालू नये, हे मला अजूनही पचलेले नाही. हे तीन चित्रपट याच प्रिंटसह ‘सी’ विभागासाठी वाजवी दरात काढावेत, असे एखाद्या भारतीय वितरकाला वाटले तर माझ्यासारखे अनेक ग्राहक त्याला मिळतील. तोवर, ज्यांना संच मागवायचा आहे त्यांनी आधी आपल्या प्लेअरच्या माहितीपत्रकातले विभागाचे अक्षर पाहावे आणि मगच पैसे भरावेत.

आपला,
एक वाचक, पुणे