इसार रोखीत घेऊ नकोस

प्रिय दिल्या,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, चुकलंच माझं. गुडघा बरा आहे. पण अमेरिकेला जाण्यासाठी विकायला काढलेल्या जमिनीचा इसार तू परवा घेणार असं वहिनींनी काल सांगितलं आणि राहवेना.

तुम्हाला अमेरिकेत बोलवायला ताईंनी केलेली २०११ ची याचिका मेली असं तू धरून चाललायस. ती जिवंत आहे. ताई हयात असेतो राहील, ती मागे घ्यायला लावू नकोस. फक्त एफ-४ ला, म्हणजे भावंडांच्या वर्गाला, वर्षाला ६५,००० व्हिसा, वर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारताची रांग अजून २००६ च्या आसपासच्या याचिकांवर रेंगाळतेय. तुझा नंबर लागेलही, लेकीचा, ईराचा हुकेल. याचिका मंजूर व्हायला चार वर्षं लागली, तेवढीच तिच्या वयातून वजा होतात. आज ती सतरा. आठ वर्षांनी नंबर आला तर पंचवीस वजा चार, एकवीस. आणि कायद्याला एकवीसच्या आत हवं! तुझी घाई मला पटली, बघ.

आता ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणारं ग्रीन कार्ड. ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८ लाख डॉलर, इतरत्र साडेदहा लाख, आणि दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहायला हव्यात. ग्रामीण प्रकल्पच बघ: २०२२ च्या कायद्याने त्यांना २० टक्के व्हिसा राखीव आहेत, फाईलही आधी हातात घेतात. मुद्दल परत मिळण्याची हमी देणारा एजंट भेटला तर तिथूनच उठ. पैसा जोखमीत नसेल तर अर्जच बाद होतो.

पण तुझं अडेल ते पैशाच्या उगमावर. तिथला अधिकारी आजोबांपासून विचारणार: सातबारा, वारसाचा फेरफार, काकांचं हक्कसोडपत्र, नोंदलेलं खरेदीखत, आणि तेवढीच रक्कम बँकेच्या उताऱ्यात. घेणारा ‘साठ व्हाइट, चाळीस कॅश’ म्हणतोय ना? ते चाळीस या कामाला शून्य आहेत. नंतर बँकेत भरलेस तर उरलेल्या साठांवरही संशय येईल. म्हणून इसारसुद्धा चेकनेच घे, भाव थोडा पडला तरी चालेल.

पाठवतानाही घोळ होतो. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर जातात. तू आणि वहिनी मिळून मार्चमध्ये पाच लाख, उरलेले एप्रिलमध्ये. वहिनींच्या हिश्श्याचं तुझ्या नावे बक्षीसपत्र लागेल. दहा लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरल्यावर तो जमा धरतात, पण तोवर तेवढी रोकड अडकते, ती बाजूला ठेव. प्रकल्पवाल्यांची फी वेगळी.

सुरुवातीचं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त. संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अट काढण्याचा अर्ज, आय-८२९, भरायचा, ती तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेव.

तुझ्या बढतीचं कळलं, खूप आनंद झाला. ईराला बारावीसाठी शुभेच्छा.

खरेदीखताचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सुहास